बोटांच्या खुणा साध्या हव्यात

कापडाच्या दुकानात आज गल्ल्यापाशी तीन वस्तू हमखास असतात: कात्री, मीटरपट्टी आणि मोबाईल. पहिल्या दोन वस्तू कशा धरायच्या हे नवा पोरगा पाहून पाहून शिकतो. मोबाईलचे तसे नाही. मालाचे फोटो दाखवणे, भाव कळवणे, ऑर्डर घेणे, बिल्टीचा फोटो पाठवणे, पैसे देणे-घेणे ही सगळी कामे आता काचेवर बोट फिरवून होतात. आणि ते बोट कुठे, किती वेळ आणि कोणत्या दिशेने फिरवायचे हे त्या काचेवर बहुधा लिहिलेले नसते. ज्याला ठाऊक आहे त्याचे काम क्षणात होते. ज्याला ठाऊक नाही तो फोन दुसऱ्याच्या हातात देतो, आणि फोनबरोबर बरेचदा पिन नंबरही सांगून टाकतो. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेण्याजोगा आहे असे आम्हाला वाटते.

बोटाच्या या हालचालींना इंग्रजीत जेश्चर म्हणतात. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, त्यामुळे आमच्या तोंडी इशारा हा शब्द येतो. पण मराठीत इशारा म्हटले की ताकीद असाही अर्थ होतो. म्हणून या लेखात ‘खूण’ हा साधा शब्द वापरू. आमचे म्हणणे थोडक्यात असे: रोजच्या कामाची खूण एका बोटाची आणि एका हालचालीची असावी, खुणेने होणारे प्रत्येक काम डोळ्यांना दिसणाऱ्या बटणानेही व्हावे, आणि चुकून झालेली गोष्ट परत फिरवता यावी. असे का, ते क्रमाने पाहू.

काचेला काय कळते?

आजच्या फोनच्या काचेखाली वीज वाहून नेणाऱ्या पारदर्शक पदार्थाची बारीक जाळी असते. माणसाच्या शरीरातूनही वीज वाहू शकते. त्यामुळे बोट काचेला लागले की त्या जागेवरचा विद्युतभार किंचित बदलतो आणि आतली चिप तो बदल मोजून बोटाची जागा ठरवते. इंग्लंडमधील मालव्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटचे ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली अशा पडद्याची कल्पना लेख लिहून मांडली होती. विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना उपयोगी पडावा हा त्यामागचा हेतू होता. सामान्य गिऱ्हाइकाच्या हातात हा पडदा खऱ्या अर्थाने आला तो २००७ साली, ॲपलच्या आयफोनमुळे. त्याआधीचे बरेच पडदे दाबावर चालत आणि त्यांना काडीसारखे पेन लागे.

नव्या काचेला दाब लागत नाही, ही सोय झाली. पण बोट फार कोरडे असेल, कातडी घट्टे पडून जाड झाली असेल किंवा हात ओला असेल तर तिला बोट नीट कळत नाही. दिवसभर कोरे कापड हाताळणाऱ्याची बोटे कोरडी पडतात आणि प्रोसेस हाऊसमधल्या कामगाराचे हात ओले असतात. अशा वेळी तीन-तीनदा दाबूनही काम झाले नाही की माणूस म्हणतो, मला हे जमत नाही. वास्तविक दोष त्याच्या अकलेचा नसतो.

दुसरी गोष्ट अशी की काचेला फार थोडे कळते. बोट कुठे लागले, किती बोटे लागली, किती वेळ टेकली आणि कोणत्या दिशेने सरकली, एवढेच. या मोजक्या माहितीतून सगळ्या खुणा बनवल्या जातात: टॅप म्हणजे हलकेच टेकवणे, दोनदा टेकवणे, दाबून धरणे, स्वाइप म्हणजे सरकवणे, ओढून नेणे, आणि दोन बोटांचा चिमटा उघडून फोटो मोठा करणे. टेकवणे आणि दाबून धरणे यांत फरक असतो तो साधारण अर्ध्या सेकंदाचा. ज्याचा हात थरथरतो किंवा जो विचार करत बोट टेकवून ठेवतो, त्याच्या फोनवर साधा मेसेज उघडण्याऐवजी खोडण्याची आणि पुढे पाठवण्याची यादी समोर येते. तेवढ्या अर्ध्या सेकंदावर सारा फरक अवलंबून असतो, आणि त्याला कुणी ते सांगितलेले नसते.

रुमालाखालचा सौदा

जुन्या पिढीच्या वाचकांना रुमालाखालचा सौदा आठवत असेल. जनावरांच्या बाजारात आजही तो कुठे कुठे दिसतो. दोघे जण रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटे दाबून भाव ठरवतात. दलालांची ही भाषा झटपट आणि बिनचूक होती. पण ज्या शेतकऱ्याचा माल असे, तो शेजारी उभा राहूनही त्याला भाव काय निघाला ते कळत नसे. बाजार समित्यांच्या कायद्याने उघड्या लिलावाचा आग्रह धरला त्यामागे हेच कारण होते. खूण जलद असली तरी ज्याचे पैसे त्यालाच ती कळत नसेल तर तो सौदा सचोटीचा राहत नाही.

फोनवरच्या पुष्कळ खुणा अशाच रुमालाखालच्या आहेत. यादीतल्या नावावर बोट डावीकडे सरकवले की खोडण्याचे बटण निघते, हे पडद्यावर कुठे दिसते? डोनाल्ड नॉर्मन आणि जेकब नील्सन हे या विषयातले दोन मोठे जाणकार. त्यांनी २०१० साली एकत्र लेख लिहून नेमकी हीच तक्रार केली होती. त्यांच्या मते संगणकाच्या जगात वर्षानुवर्षांच्या अनुभवातून जे नियम तयार झाले होते, ते खुणांच्या फोनमध्ये बाजूला पडले. काय करता येते ते दिसावे, केलेले उलटवता यावे, आणि एकच खूण सगळीकडे एकाच अर्थाने चालावी, असे ते नियम होते. या तिन्ही गोष्टी दुकानदारीलाही लागू आहेत. माल मांडलेला दिसावा, खराब निघाला तर परत घ्यावा, आणि गज सगळ्यांसाठी एकाच लांबीचा असावा.

थोड्या खुणा, आणि त्यांचा तक्ता सोबत

खुणा सोप्या करण्याचा एक चांगला नमुना स्मार्टफोनच्या आधीच होऊन गेला. ॲपलने १९९३ साली न्यूटन नावाचे हातात धरायचे यंत्र आणले. माणसाने कसेही लिहावे आणि यंत्राने ते वाचावे, असा त्याचा दावा होता. ते वाचताना इतके चुके की त्याची चेष्टा झाली. १९९६ साली पाम पायलट आले. त्याच्या लिपीचे नाव ग्राफिटी. त्यात इंग्रजीचे जवळजवळ प्रत्येक अक्षर पेन न उचलता एका फटक्यात काढायचे असे. ‘ए’ अक्षराची मधली आडवी रेघसुद्धा गाळली होती. अक्षरांचा तक्ता यंत्रासोबत मिळे. लोकांनी ही लिपी आवडीने शिकून घेतली. यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. माणूस शिकायला तयार असतो, पण शिकायचे ते थोडे आणि सरळ असावे; आणि विसरल्यावर पाहायला काहीतरी समोर असावे.

यानंतर फोनवाल्यांनी पुष्कळ प्रयोग केले. २०१३ च्या मोटो एक्स फोनमध्ये मनगट दोनदा फिरवले की कॅमेरा उघडे. २०१४ च्या वनप्लस वन फोनमध्ये बंद पडद्यावर बोटाने वर्तुळ काढले की कॅमेरा आणि इंग्रजी ‘व्ही’ काढले की बॅटरी लागे. या खुणा चांगल्या आहेत, कारण त्या नाही आल्या तरी काही अडत नाही. कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर असतेच. खुणेची जागा अशी असावी, जवळच्या वाटेसारखी. मोठा रस्ता बंद करून आडवाट दाखवणे योग्य नव्हे.

मात्र नेमके तसेच पुढे घडले. २०१७ च्या आयफोन टेन या फोनमधून पडद्याखालचे गोल बटण काढले गेले. २०१९ च्या ॲन्ड्रॉईड १० पासून खालची तीन बटणे न ठेवता कडेवरून बोट सरकवून मागे जाण्याची पूर्ण पद्धत आली. पडदा मोठा झाला आणि बटण मोडण्याची भीती गेली, हा फायदा खराच. पण ज्याने दहा वर्षे एक बटण ओळखून काम केले, त्याची ती ओळख एका दिवसात निकामी झाली. कपाटातला माल एका रात्रीत हलवला तर जुन्या नोकराचाही हात अडखळतो, त्यातलाच हा प्रकार.

आवाजी निरोपाचे उदाहरण

एकच खूण टप्प्याटप्प्याने कशी सुधारते ते पाहायचे असेल तर व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप पाहावा. आमच्या धंद्यात निम्म्या ऑर्डरी त्यावर येतात असे म्हटले तरी चालेल, कारण लिहिण्यापेक्षा बोलणे सोपे. ही सोय २०१३ साली आली. माईकचे चित्र दाबून धरायचे, बोलायचे आणि बोट उचलायचे. उचलले की निरोप गेला. रद्द करायचा असेल तर बोट न उचलता बाजूला सरकवायचे.

कल्पना उत्तम होती, पण अडचणी तीन होत्या. पहिली, बोलेपर्यंत अंगठा अडकून राही. दुसऱ्या हातात कापड असेल तर पंचाईत. दुसरी, अंगठा जरा सुटला की अर्धाच निरोप जाई आणि पन्नासऐवजी पाचच तागे समोरच्याला ऐकू येत. तिसरी, पाठवण्यापूर्वी आपण काय बोललो ते ऐकता येत नसे. २०१७ साली अंगठा वर सरकवला की कुलूप लागून हात मोकळा होण्याची सोय झाली. २०२१ साली पाठवण्यापूर्वी ऐकून पाहण्याची आणि २०२२ साली मध्येच थांबून पुन्हा बोलण्याची सोय आली. आता कुलूप लावले की थांबा, खोडा आणि पाठवा ही तिन्ही बटणे समोर दिसतात. म्हणजे सुधारणा झाली ती खुणा वाढवून नव्हे. धरून ठेवण्याची मेहनत कमी केली, बटणे दिसतील अशी ठेवली आणि माघार घेण्याची जागा दिली. आमच्या तीन अटी या एका उदाहरणात जवळजवळ पुऱ्या होतात.

डावी-उजवीचा प्रश्न

काही लोक म्हणतात की खुणा निसर्गतःच कळतात, लहान मूलसुद्धा शिकते. हे पूर्ण खरे नाही. उर्दूचे पुस्तक उजवीकडून सुरू होते आणि मराठीचे डावीकडून. ज्याने पहिल्यांदा उर्दू वाचले त्याच्या हाताला ‘पुढचे पान’ ज्या बाजूला वाटते, त्याच्या उलट बाजूला ते मराठी वाचकाला वाटते. ॲन्ड्रॉईडमध्ये २०१२ पासून उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या भाषांची पूर्ण सोय आहे. फोनची भाषा उर्दू केली की पडद्याची मांडणी आरशात दिसावी तशी उलटते. मागे जाण्याचा बाणही दुसऱ्या बाजूला जातो.

एकाच घरात वडिलांचा फोन उर्दूत आणि मुलाचा मराठीत असेल, तर ‘उजवीकडे सरकवा’ ही सूचना दोघांना सारखी लागू पडत नाही. म्हणून ॲप बनवणाऱ्याने डावे-उजवे न सांगता ‘पुढे’ आणि ‘मागे’ सांगावे आणि बाण दाखवावा. वर-खाली सरकवणे मात्र दोन्ही लिप्यांत सारखेच आहे. जिथे जमेल तिथे यादी वर-खाली ठेवणे बरे.

अंगठा कुठवर पोचतो?

दुकानदाराच्या एका हातात माल असतो आणि फोन दुसऱ्या हातात. अमेरिकेतील पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले की एखाद्या जागेवर हात नेऊन टेकवायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो: ती जागा किती दूर आहे आणि किती मोठी आहे. दूरची आणि बारीक जागा सगळ्यात वाईट. फोनला हा नियम तंतोतंत लागतो. २००६ साली झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की एका हाताने अंगठा वापरायचा तर बटण सुमारे ९.२ मिलीमीटर रुंद असावे. गूगलचा ॲन्ड्रॉईडसाठीचा सल्लाही जवळपास ९ मिलीमीटरचा आहे. २०१३ साली स्टीव्हन हूबर यांनी रस्त्यावर, बसस्टॉपवर, विमानतळावर १३३३ लोकांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ निम्मे लोक फोन एकाच हाताने वापरताना आढळले.

असे असूनही पुष्कळ ॲपमध्ये सर्वांत गरजेचे बटण वरच्या कोपऱ्यात आणि हरभऱ्याएवढे असते. रोजचे बटण खाली, अंगठ्याजवळ हवे. खोडण्याचे बटण पाठवण्याच्या बटणाला चिकटून नसावे. दोन बोटांचा चिमटा एका हाताने करता येत नाही. म्हणून कापडाचा पोत दाखवण्यासाठी फोटो मोठा करायचा तर दोनदा टेकवण्याची किंवा भिंगाच्या बटणाची सोय सोबत असावी.

पैशाचे काम जपून

सोपे म्हणजे कमीत कमी हालचाल, असा अर्थ कुणी घेऊ नये. खिशात फोन असताना तो आपोआप उचलला जाऊ नये म्हणून बंद आयफोनवर कॉल आला की बोट सरकवावे लागते. तोच फोन उघडा असेल तर उचलण्याचे आणि नाकारण्याचे अशी दोन बटणे दिसतात. धोका असेल तिथे हालचाल जरा वेगळी आणि जाणीवपूर्वक ठेवणे हाच शहाणपणा.

यूपीआय ही पद्धत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली सुरू केली. तिच्यात नाव पाहणे, रक्कम पाहणे आणि मग पिन घालणे हे टप्पे मुद्दाम ठेवले आहेत. पिन लागतो तो पैसे देताना आणि शिल्लक पाहताना. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ठग मंडळी याच ठिकाणी गोंधळ करत. ‘पैसे आले आहेत, स्वीकारा’ असे सांगून ते मागणीची विनंती पाठवत आणि माणूस घाईत पिन घालून पैसे गमावून बसे. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी विनंती पाठवण्याची सोय बंद करण्यात आली. घेणे आणि देणे या दोन उलट्या गोष्टी एकसारख्या बटणांनी होत होत्या, हेच त्या फसवणुकीचे मूळ होते. रक्कम लहान असेल तर मात्र अडथळा कमी केला तरी चालतो. २०२२ साली आलेल्या यूपीआय लाइटमध्ये छोटी रक्कम पिनशिवाय जाते. तिची मर्यादा डिसेंबर २०२४ मध्ये एका वेळी १००० रुपयांपर्यंत वाढवली गेली. आणि ज्याला काचेचा फोन नकोच, त्याच्यासाठी २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे. ते साध्या बटणांच्या फोनवर चालते.

ॲप करून घेताना

अलीकडे पुष्कळ पेढ्या ऑर्डर घेण्यासाठी स्वतःचे ॲप बनवून घेतात. तयार करणारा मुलगा हुशार असतो, पण त्याचे वय बावीस आणि आपल्या गिऱ्हाइकाचे बावन्न. पैसे चुकते करण्यापूर्वी पाच गोष्टी तपासाव्यात.

एक, फोन एका हातात धरून, फक्त अंगठ्याने, पूर्ण ऑर्डर देता येते का?
दोन, सरकवण्याने किंवा दाबून धरण्याने होणारे प्रत्येक काम दिसणाऱ्या बटणानेही होते का?
तीन, चुकून खोडलेली ओळ ‘परत आणा’ म्हणून मिळते का?
चार, मागे जाण्यासाठी कडेवरून बोट सरकले तर भरलेली ऑर्डर पुसली जाते की राहते?
पाच, बटणावर चित्राबरोबर मराठी शब्द आहे का?

या काही आमच्या मनच्या अटी नाहीत. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या वर्ल्ड वाईड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २०१८ सालच्या आपल्या नियमावलीत म्हटले आहे की अनेक बोटांनी किंवा ठरावीक वळणाने होणारे काम एका बोटाच्या साध्या स्पर्शानेही व्हायला हवे. २०२३ च्या नियमावलीत ओढून नेण्याच्या खुणेलाही दुसरा पर्याय हवा, असे सांगितले आहे. अपंग व्यक्तींची गरज ध्यानात घेऊन हे नियम झाले, पण हातात ताग्याचे ओझे असलेला माणूस तेवढ्या वेळापुरता त्याच अडचणीत असतो.

आज करता येण्याजोगे

फोन बदलण्याची गरज नाही; सेटिंगमध्ये थोडे बदल केले तरी पुष्कळ फरक पडतो. बहुतेक ॲन्ड्रॉईड फोनमध्ये नेव्हिगेशन या सदरात जुनी तीन बटणे परत आणता येतात. ॲक्सेसिबिलिटी या सदरात दाबून धरण्याची वेळ वाढवता येते, म्हणजे थरथरत्या हातावर नको ती यादी उघडत नाही. आयफोनमध्ये असिस्टिव्ह टच चालू केले की पडद्यावर तरंगणारे बटण मिळते. ही सोय २०११ पासून आहे.

कापडवाल्यांसाठी आणखी एक सोय फार मोलाची आहे. डिझाइन दाखवायला आपण फोन गिऱ्हाइकाच्या हातात देतो. बोट जरा जास्त सरकले की दुकानाचा हिशेब किंवा घरचे फोटो समोर येतात. ॲन्ड्रॉईडमध्ये ॲप पिनिंग आणि आयफोनमध्ये गाइडेड ॲक्सेस नावाची सोय आहे. ती लावली की गिऱ्हाइकाला त्या एका ॲपच्या बाहेर सहज जाता येत नाही. मात्र त्या ॲपमध्ये काय आहे ते आधी पाहावे. मालाचे फोटो वेगळ्या ॲपमध्ये किंवा वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेले बरे.

शेवटी पेढीच्या मालकांना एक विनंती. दुकानातल्या सर्वांत जुन्या माणसाला शेजारी बसवून पैसे पाठवणे, पैसे आल्याची खात्री करणे आणि फोटो पाठवणे ही तीन कामे त्याच्याच हाताने करून घ्यावीत. कुठे त्याचे बोट अडते ते पाहावे आणि तिथली सेटिंग बदलावी. अर्ध्या तासाचे हे काम आहे. पण एकदा ते झाले की त्याला आपला पिन दुसऱ्या कुणाला सांगावा लागणार नाही.